खानदेशातील अंथरूण-पांघरूण : ऋतुमान आणि ऐपत

वस्त्रांच्या इतिहासात अंगावरील वेषाचा विचार पुष्कळ होतो; शय्यावस्त्रे मात्र बहुधा उपेक्षित राहतात. ऋतूप्रमाणे चादर बदलण्याची रीत गिरणीच्या कापडाबरोबर आली असावी, असा समज त्यामुळे सहज होतो. पाचोऱ्याच्या परिसराचा विचार करता तो टिकत नाही.

गिरणेच्या खोऱ्यातील हा काळ्या मातीचा, कपाशीचा मुलूख. वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पौषातील रात्री गारठ्याच्या असतात, आणि मध्ये चार महिने पावसाचे. उन्हाळ्यात धाब्यावर निजणाऱ्यास घाम शोषणारे, विरळ विणीचे सुती वस्त्र सुखावह वाटते. पावसाळ्यात ओले सूत लवकर वाळत नाही. तेथे घोंगडी उपयोगी पडते, कारण लोकर ओलावा शोषूनही ऊब राखते. हिवाळ्यात गोधडीच्या थरांत कोंडलेली हवा अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

परंतु प्रत्येक ऋतूस स्वतंत्र वस्त्र ठेवणे हा ऐपतीचा प्रश्न होता. ज्या घरी माणशी एकच गोधडी, तेथे उन्हाळ्यात ती खाली अंथरली जाई व हिवाळ्यात अंगावर ओढली जाई. बदलत असे तो वस्त्राचा उपयोग. ‘अंथरूण’ व ‘पांघरूण’ हे शब्दही वस्त्राचा प्रकार सांगत नाहीत, त्याचे स्थान सांगतात. ‘चादर’ व ‘पलंगपोस’ ही नावे फार्सीतून आली, तरी हा जुना भेद पुसला गेला नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे, या म्हणीत तर अंथरुणालाच ऐपतीचे माप मानले आहे.

या व्यवस्थेस स्वतःचे पंचांग होते. शेतीची कामे उरकल्यावर उन्हाळ्यात जुनी लुगडी व धोतरे एकावर एक घालून स्त्रिया गोधड्या शिवीत. पावसाळा सरता सरता, घट बसण्यापूर्वी, घरातील सारी अंथरुणे-पांघरुणे धुऊन उन्हात वाळविली जात. हे धार्मिक शुचितेचे काम खरे. पण थंडीची तयारीही त्यातच होई.

१८६० नंतरच्या दशकात लोहमार्ग भुसावळपर्यंत पोहोचला आणि पाचोरे त्या मार्गावरील स्थानक झाले. पुढील दशकात जळगावास कापडगिरणी निघाली. १८७७ मध्ये सोलापुरासही पहिली गिरणी सुरू झाली, व कालांतराने सोलापुरी चादर घरोघरी गेली. तरीही जुनी रीत मोडली नाही. गिरणीचे कापड विरले की तेही गोधडीच्या थरांत जाई.

१८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये कपाशीची सविस्तर माहिती आहे. गोधडीमागील श्रम मात्र बाजारात विकले जात नसल्याने अशा हिशेबांत सहसा उतरत नाहीत. कापसाचा इतिहास केवळ गाठींच्या संख्येवरून लिहिला, तर तो पिकविणाऱ्या घरांनी थंडी कशी काढली, हे त्यात कधीच येणार नाही.