फक्कीच्या रेघेलगतची माणसं

आमचं वारजे १९९७ साली पुणे महापालिकेत गेलं. त्याआधी ते हवेली तालुक्यातलं मुठेकाठचं गाव होतं, आणि कबड्डी बघायची ती मैदानाच्या कडेला मातीत बसूनच. कबड्डीचा इतिहास खेळाडू आणि संघटकांचा म्हणून लिहिला जातो. मला तो बघणाऱ्यांचाही वाटतो.

कबड्डी, म्हणजे आपला हुतूतू, पूर्वी गावागणिक वेगळी होती. संजीवनी प्रकारात बाद गडी परत यायचा, गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचा, अमरमध्ये कुणी बाहेर जायचंच नाही, नुसते गुण मोजायचे. हे एका नियमात बसवायची खटपट पुण्या-साताऱ्याकडे झाली आणि १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं नियम छापले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे प्रात्यक्षिकं केली. राष्ट्रीय संघटना १९५० ची.

पण छापलेलं पुस्तक गावात किती जणांनी पाहिलं असेल? नियम पोचले ते कडेला बसणाऱ्यांच्या तोंडून. आमचे नाना कधी खेळले नाहीत, पण बोनस कसा बघायचा हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. समोर किमान सहा गडी हवेत, चढाईवाल्याचा एक पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकला पाहिजे आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत. ते म्हणायचे, “पुढचा पाय समदेच बघत्यात. तू मागचा बघ.” सामन्याआधी मातीवर पाणी मारून ती दाबलेली असायची, वर फक्कीच्या पांढऱ्या रेघा. अनवाणी पाय रेघेवर पडला की फक्की फिसकटायची आणि अंगठ्याचा ठसा उमटायचा. पंचांनी हात वर करण्याआधीच “रेघ बघा, रेघ!” असा गलका उठायचा. ठसा सगळ्यांसमोर असल्यामुळे पंचांनाही तो बघावा लागे. निर्णय त्यांचाच, पण साक्ष आमची.

मॅट आली आणि ही साक्ष गेली. बूट घातलेल्या पायाचा मॅटवर काही माग राहत नाही. माझी मॅटबद्दल तक्रार नाही. मातीत गुडघे-कोपरं सोलून निघालेली पोरं मी पाहिली आहेत. पण प्रेक्षक रेषेपासून उठून खुर्चीवर गेला, आणि रेघ बघायचं काम कॅमेऱ्याकडे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणनं हैदराबादेत हरियाणाला २८–२५ असं हरवून पहिल्यांदा करंडक आणला. तो सामना मी टीव्हीवर बघितला, आनंदानं डोळे भरून आले. तरी पायाखालची रेघ दाखवली तेवढीच दिसली.

खेळ असा गावातून वर जाणं फक्त आपल्याकडेच नाही. आयर्लंडात हर्लिंग या तिथल्या पारंपरिक खेळाची संघटना १८८४ साली निघाली. तिथे पॅरिशचे क्लब आपसात झुंजतात आणि त्यांतूनच परगण्याचा संघ निवडतात, कुठल्याही खेळाडूला पगार नाही. हे वाचलं तेव्हा मला आपली जिल्हा अजिंक्यपद स्पर्धाच आठवली. मंडळांचे संघ उतरतात, त्यांतून जिल्ह्याचा संघ, पुढे राज्याचा. दोन्ही देश एकाच साम्राज्याखाली असतानाच दोन्हीकडे माणसं आपापले खेळ नियमात बांधू लागली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आजही जिल्ह्यात मंडळांचे सामने असले की मी जातो. कुमार गटाचे सकाळचे सामने सोडत नाही, तेव्हा गर्दी नसते आणि कोपरारक्षकाच्या मागे जागा मिळते. तिथून पकडीआधीची त्याची टाच दिसते. ती जमिनीवरून उचलली की तो घोट्यावर झेपावणार. मुलींचे सामने तर हमखास बघावेत, त्यांच्या साखळ्या जास्त शिस्तीत फिरतात. परवा शेजारी एक अनोळखी शाळकरी पोरगी बसली होती. चढाई सुरू झाली तशी मी तिला म्हटलं, “बाळा, मागचा पाय बघ.” ती म्हणाली, “आजोबा, तोच बघतेय. टेकला होता.” पंचांनी बोनस दिला नाही.