‘सिंगल ओनर, डॉक्टर ड्रिव्हन’: जुनी हॅचबॅक तपासण्यामागचा इतिहास



आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांच्या फोनमध्ये सध्या एक टॅब कायम उघडा असतो: सेकंड हँड गाड्यांचा. चार-पाच वर्षं जुनी हॅचबॅक, बजेट तीन-साडेतीन लाख, आई-बाबांना मागे नीट बसता यावं एवढीच अपेक्षा. आणि जाहिरातीत काय लिहिलेलं असतं? ‘सिंगल ओनर, डॉक्टर ड्रिव्हन, शोरूम कंडिशन, फक्त सिरियस बायर.’ डॉक्टरच का, हे कुणी विचारत नाही. डॉक्टर गाडी सांभाळून चालवतात असं आपण मानतो, आणि आपण तसं मानतो हे विकणाऱ्यालाही माहीत असतं.

गाडी घेताना काय बघायचं याच्या याद्या तुम्हाला पैशाला पासरी मिळतील. आज यादीच्या मागे जाऊ. कारण त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुणीतरी फसलं, कुणीतरी बुडालं किंवा कुणीतरी कोर्टात गेलं म्हणून आलीय. ती गोष्ट कळली की ओळ विसरली जात नाही.

सुरुवात करू आपल्या आजोबांच्या काळापासून.

तेव्हा मध्यमवर्गासमोर गाड्या होत्या मोजून दोन-तीन. कलकत्त्याजवळ बनणारी अँबेसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, जी सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. कुर्ल्याची ती कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली. तुम्ही पद्मिनी पाहिली असेल ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणूनच. तीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. लायसन्स राजमध्ये किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. आणि मग गंमत बघा: हातात असलेली, थोडी वापरलेली गाडी कधीकधी नव्यापेक्षा जास्त किमतीला जायची! ‘ऑन’ देऊन लोक घ्यायचे. अशा बाजारात तपासणी कोण करणार? गाडी मिळतेय हेच नशीब. फार तर ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन जायचं, त्याने बॉनेट उघडून ‘चांगली आहे’ म्हटलं की झालं.

हे बदलायला सुरुवात झाली १४ डिसेंबर १९८३ ला. त्या दिवशी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली. किंमत सुमारे ५० हजार रुपये. हे हरपाल सिंग लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहेत. मग १९९८ मध्ये सँट्रो आली, मॅटिझ आली आणि वर्षाच्या शेवटी आपल्या पुण्यात बनलेली टाटा इंडिका आली. आता लोक गाडी मोडली म्हणून नाही, तर नवीन आवडली म्हणून जुनी विकायला लागले. म्हणजे बाजारात चांगल्या जुन्या गाड्याही आल्या आणि वाईटही. बाहेरून मात्र दोन्ही सारख्याच चकाचक.

इथे आपल्याला भेटतो जॉर्ज अकरलॉफ नावाचा अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ. त्याने १९७० मध्ये एक छोटा लेख लिहिला, जुन्या गाड्यांच्या बाजारावर. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला ‘लेमन’ म्हणतात, म्हणून लेखाच्या नावातच लिंबू आहे. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला होता. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं!

त्याचं म्हणणं सोपं आहे. समजा एकाच मॉडेलच्या दोन गाड्या आहेत. चांगलीची खरी किंमत तीन लाख, वाईटाची दीड. कुठली कुठली हे विकणाऱ्याला माहीत, तुम्हाला नाही. मग तुम्ही काय कराल? मधला भाव लावाल, सव्वादोन. पण सव्वादोनला चांगल्या गाडीचा मालक म्हणेल, ‘राहू दे, भावाला देतो वापरायला.’ वाईट गाडीवाला मात्र धावत येईल. चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात, लिंबं उरतात.

आणि हा माणूस त्याच काळात वर्षभर दिल्लीत राहिला होता. त्याच्या लेखात भारतीय सावकारीही आहे, आणि स्थानिक बाजारातला तांदूळ निवडणारी गृहिणीसुद्धा आहे. तांदळाच्याच रंगाचे, त्याच आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि तिला ते एकेक करून काढावे लागतात. आपल्या आज्या सुपात घेऊन हेच करायच्या ना? जुनी गाडी तपासणं म्हणजे तेच, खडे निवडणं. तर चला, सूप हातात घ्या.

पहिला खडा कागदातला. लोक आधी इंजिन बघतात. तुम्ही आधी आरसी बघा. का, तर ही गोष्ट ऐका.

२००७ मध्ये एका माणसाने आपली मारुती गाडी विकली. घेणाऱ्याने पुढे विकली, त्याने आणखी पुढे. असे अनेक हात बदलले, पण आरसीवर नाव कुणीच बदललं नाही. २००९ मध्ये त्या गाडीने रिव्हर्स येताना रस्त्यावरून चाललेल्या दोघांना धडक दिली, त्यात एकाचा जीव गेला. भरपाई कोणी द्यायची? प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल आला: रजिस्टरवर ज्याचं नाव, कायद्याच्या नजरेत मालक तोच. म्हणजे दोन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळा झालेला माणूस जबाबदार ठरला! अपघातात ज्यांचं माणूस गेलं त्यांनी खरा मालक शोधत किती दारं ठोठवायची, हा न्यायालयाचा मुद्दा होता, आणि तो रास्तच आहे.

म्हणून, विकणारे असाल तरी आणि घेणारे असाल तरी, ‘नाव नंतर करू’ हे वाक्य ऐकलं की थांबा. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या लागतात. एकाच राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. आरसीवर हायपोथिकेशन म्हणून बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याची बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा, नाहीतर गाडी तुमची आणि हक्क बँकेचा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालकी, इन्शुरन्स, पीयूसी आणि थकलेली चलनं बघा. चासी नंबर आरसीवरचा आणि गाडीवरचा, स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. इन्शुरन्सही आपल्या नावावर करून घ्यायला विसरू नका. आणि त्यातला नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

डीलरकडून घेताय? मग १ एप्रिल २०२३ पासूनचा नियम माहीत हवा. जुन्या गाड्यांच्या डीलरला आता आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं आणि गाडी ताब्यात घेतल्याची नोंद करावी लागते. नोंद झाली की तोवर जबाबदारी त्याची. ते प्रमाणपत्र दाखवा म्हणा. त्यात लाजायचं काही नाही.

दुसरा खडा पाण्यातला. २६ जुलै २००५, मुंबई. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. माणसं गेली, घरं बुडाली, आणि हजारो गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. नंतर २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण. बुडालेली गाडी धुता येते, वाळवता येते, अत्तर मारता येतं. पण वायरिंगच्या सांध्यात शिरलेलं पाणी गंजाचं काम निवांत करत राहतं, आणि वर्षभराने पॉवर विंडो, सेन्सर एकेक करून दगा देतात. एअरबॅगचं वायरिंगही त्यातच आलं.

हे ओळखायचं कसं? सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. वरचा भाग रोज हाताळला जातो, पण आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. मॅट उचला, खालचं कार्पेट दाबून बघा. सीटच्या रुळांवर, स्क्रूंवर गंज आहे का? डिकीत स्टेपनीच्या खाचेत बोट फिरवा. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा, कोंदट वास लपत नाही. गाडी पूर आलेल्या भागातली असेल तर त्या वर्षीचे सर्व्हिस आणि इन्शुरन्सचे कागद मागा.

तिसरा खडा मीटरमधला. मीटर मागे फिरवणं हा धंदा जुना आहे. रोआल्ड डालच्या ‘माटिल्डा’मधला बाप आठवतोय? तो ड्रिल मशीन लावून मीटर उलटं फिरवायचा. गोष्ट मुलांची, पण प्रकार खरा. अमेरिकेने तर १९७२ मध्येच याविरुद्ध कायदा केला. डिजिटल मीटर आलं म्हणून हे थांबलं नाही. ड्रिलच्या जागी लॅपटॉप आला, एवढंच. म्हणून आकड्यापेक्षा गाडीला विचारा. ३० हजार किलोमीटर म्हणतोय, आणि ब्रेक पेडलचा रबर झिजून गुळगुळीत? स्टीअरिंग चकाकतंय? ड्रायव्हर सीटचा एका बाजूचा फोम बसलाय? अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदी मागा, तिथे प्रत्येक वेळचं रनिंग लिहिलेलं असतं.

टायरवरही बघा, चार आकड्यांचा कोड असतो: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. सगळ्या काचांवरचे कोडही जुळवा. एकच काच वेगळी निघाली तर का बदलली ते विचारा. दाराचं रबर जरा बाजूला सारून आतले वेल्डिंगचे ठिपके एकसारखे आहेत का, बॉनेटच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का, हेही बघा. डेंटिंग-पेंटिंगवाला बाहेरचं सगळं झाकतो, हे नाही झाकत.

आता उलटी बाजू. कमी चाललेली म्हणजे चांगली, असंही नाही. ते हरपाल सिंग आठवतात? २०१० मध्ये ते गेले, तोवर ती पहिली ८०० त्यांच्याकडेच होती. खरीखुरी सिंगल ओनर! पण त्यांच्यानंतर देशातली सगळ्यात प्रसिद्ध ८०० घराबाहेर उभी राहून गंजत गेली. पुढे कंपनीने ती पुन्हा उभी केली. तुमच्या गाडीसाठी असं कुणी येणार नाही. उभ्या गाडीची बॅटरी मरते, रबर कडक होतं, टायर तडकतात, ब्रेक जाम होतात.

चौथा खडा वर्षातला. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची टक्कर चाचणी केली: अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय१० आणि पोलो. सगळ्या एअरबॅग नसलेल्या. मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य स्टार. त्यानंतर नियम हळूहळू आले. जुलै २०१९ पासून नव्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, एबीएसही त्याच वर्षी. शेजारच्या सीटची एअरबॅग जुन्या मॉडेल्सनाही २०२२ पासून. आता विचार करा: २०१८ ची टॉप मॉडेल हॅचबॅक आणि २०१८ चीच बेस मॉडेल, दिसायला सारख्या. एकीत एअरबॅग, दुसरीत नुसती प्लास्टिकची झाकणी असू शकते. शेजारच्या सीटवर तुमची आई बसणार आहे. टचस्क्रीन नंतर बसवता येते, एअरबॅग नाही.

पाचवा, पासिंगचा. दिल्लीत प्रदूषणामुळे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. तिथल्या गाड्या मग दुसऱ्या राज्यांत स्वस्तात निघाल्या. दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर आणि आरटीओच्या फेऱ्या हे सगळं जोडून बघा. आणि कुठल्याही खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पहिल्यांदा १५ वर्षांचं असतं. १३ वर्षांची गाडी घेतलीत तर दोन वर्षांनी फिटनेस तपासणी आणि नूतनीकरण तुमच्याच माथी.

आणि इंजिन? ते शेवटी सांगतोय, कारण त्याचा खर्च निदान मोजता तरी येतो. सकाळी जा, आणि ‘येण्याआधी चालू करू नका’ असं आधीच सांगा. बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर काहीतरी आधीच झाकलंय. थंड इंजिन चालू करताना निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा दाट धूर थांबतच नसेल, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा असेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये जात असण्याची शक्यता. मग चढावर चालवा, खराब रस्त्यावर चालवा, रिकाम्या सरळ रस्त्यावर स्टीअरिंग हलकं सोडून गाडी एका बाजूला ओढते का बघा. एसी लावून ट्रॅफिकमध्ये न्या. शेवटी स्वतःच्या मेकॅनिकला दाखवा, विकणाऱ्याच्या नाही. त्याला हजार-दोन हजार द्यायला मागेपुढे पाहू नका.

एक शेवटचं. विकणारा म्हणेल, ‘संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, टोकन टाका.’ हे वाक्य पद्मिनीच्या काळातलं आहे. तेव्हा खरंच गाडी मिळत नव्हती, नाही म्हटलं तर वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. आज तुमच्या फोनमध्येच तसल्या पन्नास गाड्या आहेत. आजोबांना उठून निघून येण्याची सोय नव्हती. तुम्हाला आहे, ती वापरा.

गाडी बघायला निघालेल्या मित्राला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि मागे बसलात तरी सीटबेल्ट लावा!