लेखनप्रेरणा आणि लेखनसवय

लेखनप्रेरणा म्हणजे साहित्यनिर्मितीस प्रवृत्त करणारी ऊर्मी, तर लेखनसवय म्हणजे निरीक्षण, नोंद, लेखन व पुनर्लेखन नियमितपणे करण्याची शिस्त. प्रेरणेची वाट पाहावी की सवयीने ती निर्माण करावी, हा साहित्यविचारातील जुना प्रश्न आहे. संस्कृत काव्यशास्त्रात याची चर्चा ‘काव्यहेतू’ या संज्ञेखाली होते. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात शक्ती (प्रतिभा), निपुणता आणि अभ्यास ही तीन स्वतंत्र कारणे न मानता, तिन्ही मिळून एकच कारण मानले. निपुणता ही लोकव्यवहार, शास्त्रे व काव्य यांच्या अवलोकनातून येते, असे त्याचे मत आहे.

झाडीपट्टीतील उदाहरणे

वरठी, साकोली, नवेगावबांध ही गावे विदर्भाच्या पूर्वेकडील झाडीपट्टीत येतात. वरठी येथे मुंबई–हावडा लोहमार्गावरील भंडारा रोड स्थानक आहे. नवेगावबांध १९९९ मध्ये गोंदिया जिल्ह्याची निर्मिती होईपर्यंत भंडारा जिल्ह्यात होते. तेथे वनाधिकारी म्हणून काम केलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे लेखन नोंदींच्या सवयीतून घडले. जंगलातील पक्षी, प्राणी व वनस्पती यांच्या निरीक्षणांना त्यांनी स्थानिकांकडून मिळालेल्या माहितीची जोड दिली. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक याच परिसराविषयी आहे. सोलापूर येथील २००६ च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांचे ‘नागझिरा’ हे पुस्तक त्याच भागातील अभयारण्यातील मुक्कामावर आधारलेले आहे. माडगूळकर चित्रकारही होते. रेखाटनासाठी लागणारे बारकाईने पाहणे त्यांच्या गद्यातही दिसते.

शब्दसंग्रह

निरीक्षणाला नेमके शब्द लागतात. चितमपल्ली यांनी वनवासी व मासेमार यांच्या बोलींतील नावे टिपली, तसेच कावळ्यांच्या वसाहतीसाठी ‘काकागार’ यांसारखे शब्द रूढ केले. बोलीतील अनेक नावे केवळ बोलण्यात असतात. ती जाणणारी पिढी गेल्यावर नोंदीअभावी नष्ट होतात. त्यामुळे अशी टिपणे लेखकाला सामग्री पुरवतात आणि भाषेचा ठेवाही जपतात.

नियमिततेचे इतर प्रकार

दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या पुस्तकात निसर्गातील बदलांचे महिन्यांच्या क्रमाने वर्णन आहे. येथे कालक्रमानेच लेखनाला आकार दिला. सवयीसाठी लेखणी अनिवार्य नाही, हे बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या उदाहरणावरून दिसते. निरक्षर असलेल्या बहिणाबाईंची गाणी घरकाम व शेतीकाम करताना स्फुरली. ती कुटुंबीयांनी लिहून ठेवल्यामुळे टिकली आणि १९५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

स्वरूप

या उदाहरणांत प्रेरणा दैनंदिन कामापासून वेगळी नाही. वनखात्याची नोकरी, जंगलातील मुक्काम, महिन्यांचा क्रम किंवा जात्यावरील दळण यांनी लक्ष एकाच विषयाकडे वारंवार वळवले. मम्मटाच्या परिभाषेत सांगायचे तर अवलोकन व अभ्यास यांच्या जोडीनेच प्रतिभेला रूप मिळाले.