चिखलातली शर्यत आणि पिकल्या केसांचे धावपटू

मंडळी, मृगाचा पाऊस पडून गेला की नेरच्या काळ्या रानातून दहा पावले चालून पाहा. पावलागणिक वहाणेला माती चिकटते, वहाण जड होते आणि शेवटी माणूस वहाणा हातात घेऊन अनवाणीच वाट धरतो. कपाशीला पोसणारी ही माती पाणी पिऊन फुगते आणि पाय धरून ठेवते. अशा गाऱ्यातून पन्नाशी उलटलेला माणूस पैजेने पळतो म्हटलं, तर तुम्ही हसाल. पण अशी शर्यत जगात आहे, आणि तिच्या इतिहासाचं एक पान आपल्या महाराष्ट्रातलं आहे.

या शर्यतीला क्रॉस-कंट्री म्हणतात. आपण तिला रानधाव म्हणू या. आखीव मैदान नाही; शेत, ओढा, चढउतार, चिखल, जे वाटेत येईल ते ओलांडायचे. इंग्लंडातल्या शाळांत एकोणिसाव्या शतकात मुले हा खेळ खेळत. एकदोन मुले ससा होऊन कागदाचे कपटे टाकीत पुढे पळत आणि बाकीची शिकारी कुत्री होऊन माग काढीत. पुढे मोठ्या माणसांनी मंडळे काढली. 1876 साली त्यांनी देशपातळीवर पहिली शर्यत भरवली खरी, पण धावणारे रानात वाट चुकले आणि ती शर्यतच रद्द ठरली! ऑलिंपिकमध्ये 1912, 1920 आणि 1924 साली रानधाव होती. 1924 ला पॅरिसच्या भर उन्हात 38 जण निघाले आणि अवघे 15 पोचले. त्यानंतर ती ऑलिंपिकमधून गेली.

आता पुण्याकडे वळू. 1906 साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा होते. 1919 च्या सुमारास तिथल्या स्पर्धांत त्यांनी लांब पल्ल्याची शर्यत पाहिली. धावणारी पोरे शेतकऱ्यांची; पायांत काही नाही, खाणे साधे, नियमांची माहिती नाही, शिकवणारा कुणी नाही. पण घड्याळात पाहिले तेव्हा त्यांची वेळ युरोपातल्या नावाजलेल्या धावपटूंच्या तोलाची वाटली. दोराबजींनी तेव्हाच मनावर घेतलं, की ही मुलं ऑलिंपिकला न्यायची.

थोडं थांबून विचार करा. त्या मुलांच्या पायांत ते बळ त्याच दिवशी आलं होतं का? त्यांचे बाप, आजे त्याच रानांतून पळत आले होते. त्या दिवशी नवीन एवढेच घडले, की कुणीतरी घड्याळ हातात धरले.

1920 साली बेल्जममधल्या अँटवर्पला आपली माणसे गेली. त्यांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. मॅरॅथॉन 22 ऑगस्टला झाली. त्या वर्षीचे अंतर 42 किलोमीटर 750 मीटर, आणि हवा गार, पावसाची. चौगुले 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत पोचले. त्यांचा क्रमांक 19 वा. फिनलंडचे कोलेमाइनेन 2 तास 32 मिनिटे 35 सेकंदांत पहिले आले. म्हणजे फरक 18 मिनिटे 10 सेकंदांचा. पहिल्याच खेपेला गेलेल्या माणसाला हा फरक लाजिरवाणा नाही. आपले दुसरे धावपटू सदाशिव दातार यांना मात्र ती शर्यत पुरी करता आली नाही. अंगच्या बळाला वर्षानुवर्षांचा सराव आणि नीट शिकवण यांची जोड लागते, हा धडा त्या दोघांच्या धावेतून मिळतो.

तुम्ही म्हणाल, हे तरण्याताठ्यांचं झालं, आमचं काय? आपल्याकडे चाळिशी उलटली की माणसाला ओट्यावर बसवतात. पण 1975 साली कॅनडातल्या टोराँटो शहरी प्रौढ धावपटूंची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आता पस्तिसाव्या वर्षापासून पाच-पाच वर्षांचे गट असतात. साठीचा माणूस साठीच्याच बरोबरीने मोजला जातो.

आणि रानधावेची खरी गंमत तिच्या गणितात आहे. संघातल्या ठरावीक धावपटूंचे क्रमांक जोडतात. ज्या संघाची बेरीज कमी, तो जिंकतो. म्हणजे संघाचा एकटा पुढे गेला तर भागत नाही. मागून चिखल तुडवीत येणाऱ्या काकांनी शेवटच्या बांधावर एकाला गाठलं, तर त्या एका आकड्यावर मंडळ जिंकू शकतं. त्यांनी मध्येच अंग काढलं, तर सगळ्यांची मेहनत वाया जाऊ शकते.

चिखलात जोराला मर्यादा पडते आणि अनुभव कामी येतो. लांब ढांगा टाकणारा घसरतो. आखूड पावले टाकणारा, पाऊल कुठे ठेवावे हे जाणणारा टिकतो. बैलांमागे तास धरून चाललेल्या माणसाला हे का शिकवायला हवं? मात्र ज्यांना धावण्याची सवय सुटली आहे, त्यांनी आधी डॉक्टरला दाखवावे, महिना-दोन महिने चालावे, मग पळावे.

नेरहून अमरावतीला जाणाऱ्यांना तिथले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ठाऊक असेल. 1914 साली लावलेले ते रोप वाढले, ते माणसे रोज जमत राहिली म्हणून. गावाच्या धावमंडळालाही एवढंच लागतं.

गुरुजी, तुमच्याकडे एक मागणं आहे. यंदा पाऊस उघडला की गावाबाहेरची एक वाट मोजून घ्या. मुलांना पळवा आणि त्यांच्या बापांना, आजोबांनाही बोलवा. प्रत्येकाचे नाव, वय आणि वेळ वहीत लिहा. जो सर्वांत शेवटी येईल, त्याचीही वेळ लिहा. तो पोचेपर्यंत घड्याळ बंद करू नका.