ग्रंथालयातील शिवी

ग्रंथालयात मोठ्याने शिंकणारा माणूसदेखील ओशाळतो. मग तिथे कोणी शिवी हासडली तर? महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी एकोणतीस वर्षे गेली. आरडाओरडा, कुजबुज, बाकांवर कोरलेली नावे, सारे पाहिले. पण ती शिवी काही विसरत नाही.

परीक्षा तोंडावर आल्या होत्या. वाचनकक्षात मुंगीला शिरायला जागा नव्हती. अशा वेळी कोपऱ्यातल्या एका मुलाने खणखणीत शिवी दिली. सगळ्या माना वर झाल्या. मी तरातरा गेलो, त्याचे कार्ड काढून घेतले आणि दाराकडे बोट दाखवले. "सर, पण माझं ऐका तरी—" तो म्हणाला. मी ऐकले नाही.

त्या रात्री मनाला समर्थन हवे होते, म्हणून मी रिचर्ड डी बरी काढला. हा इंग्लंडमधल्या डरहॅमचा बिशप, काही काळ राज्याचा चॅन्सेलर. १३४५च्या जानेवारीत त्याने 'फिलोबिब्लॉन' हा लॅटिन ग्रंथ पुरा केला आणि एप्रिलमध्ये तो वारला. पुस्तकांवर इतके वेडे प्रेम करणारा माणूस विरळा. आणि विद्यार्थ्यांवर इतका चिडलेलाही! त्याचा विद्यार्थी थंडीत नाक न पुसता पानांवर वाकतो, काळ्या नखांनी आवडत्या ओळींवर खुणा करतो, खुणेसाठी गवताच्या काड्या घालतो. उघड्या पुस्तकावर फळे आणि चीज खातो. सोबत्यांशी अखंड वाद घालत थुंकीचा शिडकावा करतो आणि शेवटी पुस्तकावरच डोके ठेवून झोपतो. पानांत फुले दाबून ठेवतो हेही बिशपला खपत नाही. (आपण पुस्तकात पिंपळपान आणि मोरपीस ठेवत आलो, ते त्याला दिसले नाही हे बरे!)

गंमत अशी, की एवढा त्रागा करूनही याच पोरांना पुस्तके मिळावीत म्हणून तो ऑक्सफर्डसाठी योजना आखतो. पाच विद्यार्थ्यांनी ग्रंथ सांभाळावेत, त्यांतल्या निदान तिघांच्या संमतीने पुस्तक उसने द्यावे, आणि त्याच्या किमतीहून अधिक मोलाचे तारण घ्यावे. दारे बंद करा, असे तो म्हणत नाही.

ते विद्यापीठाने केले. १४१२ सालच्या नियमांनी ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात पदवीधरांनाच प्रवेश उरला. साधूंना तत्त्वज्ञानाचे आठ वर्षांचे अध्ययन झाल्यावर. कारण काय, तर गर्दीने अभ्यासात व्यत्यय येतो! शिवाय प्रत्येकाने शपथ घ्यायची, की ग्रंथ नीट हाताळीन, खाडाखोड करणार नाही, डाग पाडणार नाही. शांतता मिळवण्याचा हा सर्वांत सोपा उपाय. माझाही त्या दुपारी हाच होता.

शिवीपुरते म्हणाल, तर इंग्लंडने १७४५ साली कायदाच केला. मजुराने किंवा साध्या शिपायाने शिवी दिली तर एक शिलिंग दंड, सामान्य माणसाला दोन, आणि 'जंटलमन' असेल तर पाच! दुसऱ्या खेपेस दुप्पट, पुढे तिप्पट. मोठ्याला मोठा दंड, हे मला फार पटले. हा कायदा १९६७ साली रद्द झाला. पण शिवी का दिली, हे त्यातही कोणी विचारत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आमचा शिपाई त्या मुलाच्या टेबलावरचे पुस्तक घेऊन आला. आतली आठ पाने कुणी पात्याने सफाईने कापून नेली होती. शिवी त्या कापणाऱ्याला होती! डी बरीने ती लॅटिनमध्ये दिली असती, एवढाच फरक.

मुलगा पाच दिवस आला नाही. घरी एका खोलीत सात माणसे, त्याला वाचायला दुसरी जागा नाही, हे त्याच्या मित्राकडून कळले, तेव्हा मी निरोप धाडला. तो आला, मान खाली घालून उभा राहिला.

"माझं चुकलं, सर. शिवी द्यायला नको होती."

"आणि मी ऐकून घ्यायला हवं होतं," मी म्हटले आणि कार्ड त्याच्या हातात ठेवले.

त्याच पुस्तकाची दुसरी प्रत माझ्या कपाटात होती. ती समोर ठेवून आम्ही दोघांनी चार-चार पाने हाताने उतरवली आणि खळीने चिकटवली. त्याचे अक्षर माझ्याहून बरे होते. शाईचा एक डाग पडला आहे, तो माझ्या पानावर.