सातबारा, आठ-अ आणि दोन भाषा

कोरेगावच्या शेतकऱ्याला गावचे दोन उतारे चांगले ठाऊक असतात. सातबारा गटानुसार असतो, आठ-अ खातेदारानुसार. एकाच माणसाची चार गटांतली जमीन आठ-अवर एकत्र दिसते. माहिती तीच, मांडणी निराळी. तलाठ्यांनी हे काम वर्षानुवर्षे हाताने केले. ते संगणकाला कसे सांगायचे? या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली. त्यांचा इतिहास आपण पाहू.

१० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने एक्सएमएलची शिफारस प्रसिद्ध केली. मजकुराच्या प्रत्येक भागाला तो काय आहे हे सांगणारी खूण लावायची: हा गट, हा खातेदार, हे पीक. खुणा एकात एक बसतात आणि दस्तऐवजाचे झाड तयार होते.

पहिले उत्तर छपाईच्या परंपरेतून आले. १६ नोव्हेंबर १९९९ रोजी एक्सएसएलटी ही भाषा आणि झाडातली नेमकी फांदी दाखवणारी एक्सपाथ, या दोन्हींच्या शिफारशी निघाल्या. एक्सएसएलटीत आपण नियम लिहितो: 'खातेदार भेटला की नाव ठळक छाप.' कोणता घटक कोठे भेटेल हे आधी माहीत नसले तरी चालते.

दुसरे उत्तर डेटाबेसवाल्यांचे. १९७४ मध्ये रेमंड बॉइस यांच्यासह एसक्यूएलचा पाया घालणाऱ्या डोनाल्ड चेंबरलिन यांनी २००० मध्ये सहकाऱ्यांबरोबर 'क्विल्ट' ही भाषा मांडली. तिच्यातून एक्सक्वेरी घडली. येथे आपण प्रश्न विचारतो: 'वाघ्या घेवडा असलेले गट शोध, खातेदारानुसार लाव, क्षेत्र सांग.'

२३ जानेवारी २००७ रोजी एक्सक्वेरी १.० आणि एक्सएसएलटी २.० यांच्या शिफारशी एकाच दिवशी प्रसिद्ध झाल्या. दोन्हींचा पाया एकच, एक्सपाथ २.०. एकीचे बहुतेक काम दुसरीलाही जमते. मग दोन भाषा कशाला? कारण सवयीच्या वाटा वेगळ्या. सगळा दस्तऐवज नव्या रूपात मांडायचा तर नियम सोयीचे पडतात. मोठ्या ढिगातून मोजकेच निवडायचे तर प्रश्न.

पण एका गोष्टीत दोघीही अडतात. पिकाचे नाव त्याच्या रकान्यात न लिहिता शेऱ्यात कोंबले असेल, तर पिकाच्या रकान्यात शोधणाऱ्या प्रश्नाला तो घेवडा सापडणार नाही आणि शेतकऱ्याचे पीक हिशेबातून गळेल. भाषा कोणती वापरायची हे नंतर ठरवता येते. खूण मात्र लिहितानाच लावावी लागते. वर्गाच्या हजेरीपटावर हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे.