उल्हास नदी समुद्राला काय देते?

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरहून समुद्र दिसत नाही. त्यामुळे समुद्रातले प्लास्टिक हा चौपाटीवरच्या लोकांचा प्रश्न आहे, असे येथे सहज वाटते. पण २०२१ साली लौरेन्स मायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या नद्या समुद्रात किती प्लास्टिक नेतात याचा अंदाज प्रसिद्ध केला, तेव्हा यादीतल्या अगदी वरच्या काही नावांत उल्हास होती. जगभरच्या नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा सुमारे १.३ टक्के भाग एकट्या उल्हासचा, असे ते गणित सांगते. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी जेमतेम सव्वाशे किलोमीटर लांब आहे. मग ती गंगा-सिंधूंच्या पंक्तीत कशी बसली? याचे उत्तर शोधताना आपल्याला थोडा इतिहास पाहावा लागेल.

माणसे आधी, व्यवस्था नंतर

उल्हासची उपनदी वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहते. हे शिलाहारकालीन मंदिर १०६० सालचे आहे. त्यानंतरची जवळजवळ नऊशे वर्षे नदीकाठी वस्ती विरळच होती. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. १९४७ च्या फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना याच छावणीच्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. अंबरनाथला आगपेट्यांचा कारखाना होताच. पुढे दारूगोळ्याचा कारखाना आला आणि १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर रासायनिक कारखानेही वाढले. लोकलच्या सोयीने बदलापूर फुगले. २००१ मध्ये तेथे सुमारे ९८ हजार लोक होते, २०११ मध्ये १ लाख ७४ हजार झाले. त्या वर्षी तिन्ही शहरांची मिळून लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या पुढे गेली. मात्र कचरा उचलण्याची व्यवस्था या वेगाने वाढली नाही. जो कचरा उचलला जात नाही, त्याला नाला हाच मार्ग उरतो.

याच काळात कचऱ्याचे स्वरूपही पालटले. पॉलिथिनचा शोध १९३३ सालचा, इंग्लंडमधला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ठाणे-बेलापूर पट्ट्यात, म्हणजे ठाणे खाडीच्या काठीच, प्लास्टिकचा कच्चा माल तयार होऊ लागला. हळूहळू कागदी पुडा आणि कापडी पिशवी मागे पडली. पुडा नाल्यात पडला तर कुजत असे, पिशवी मात्र कुजत नाही.

लहान नदी, मोठा वाटा

२०१७ सालच्या अंदाजांमध्ये खोऱ्यातली लोकसंख्या आणि कचरा यांवर भर होता. साहजिकच यांगत्सेसारख्या प्रचंड नद्या यादीत वर होत्या. मायर यांच्या गटाने त्यात पाऊस, जमिनीचा वापर आणि समुद्रापर्यंतचे अंतर या गोष्टी मिळवल्या. हजार किलोमीटर आत पडलेली पिशवी वाटेत काठाला किंवा धरणात अडकण्याचा संभव फार असतो. उल्हासच्या खोऱ्यात मोठी शहरे मुखाजवळ आहेत, पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि भरतीचे पाणी कल्याणपर्यंत येते. अशा हजाराहून अधिक नद्या मिळून ८० टक्के प्लास्टिक समुद्रात नेतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अर्थात हे गणिती प्रारूप आहे. प्रत्येक नदीतले प्लास्टिक कोणी तोलून पाहिलेले नाही. उल्हासचा क्रमांक उद्या बदलेलही, पण वर सांगितलेली कारणे बदलणार नाहीत.

समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. पॉलिथिनची घनता ०.९२ ते ०.९६ असल्याने पिशवी तरंगते. पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकची घनता १.३८ आहे, म्हणून तिचे तुकडे तळाशी जातात. भरती-ओहोटीबरोबर हेलकावत काही पिशव्या खारफुटीच्या मुळांत अडकतात. उरलेल्यांचे उन्हाने आणि लाटांनी बारीक तुकडे होतात. हे सूक्ष्म कण समुद्रातून गोळा करणे जवळजवळ अशक्य आहे.

अडवायचे कोठे?

म्हणून प्लास्टिक अडवायचे ते नाल्यात पडण्यापूर्वीच. २६ जुलै २००५ च्या महापुरात तुंबलेल्या गटारांनी हा धडा दिला आणि २००६ साली राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. देशपातळीवरची मर्यादा १९९९ मध्ये २० मायक्रॉन होती, २०१६ मध्ये ५० झाली आणि २०२२ अखेर १२० झाली. जाडीचा एवढा आग्रह कशासाठी? पातळ पिशवीला भंगारात किंमत नाही. कचरा वेचणाऱ्या बाईला किलोभर वजन जमवण्यासाठी शेकडो पिशव्या वाकून उचलाव्या लागतात, म्हणून ती त्या तशाच सोडून देते. बाटली मात्र उचलते. २०१८ साली राज्यात आणि २०२२ साली देशभर एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. तरीही पातळ पिशवी बाजारातून गेलेली नाही.

वर्गात दुधाच्या पिशवीचा आणि पाण्याच्या बाटलीचा तुकडा मिठाच्या पाण्यात टाकून पाहावा. मग मे अखेरीस शाळेजवळच्या नाल्याच्या काठावरून दहा पावलांच्या अंतरात किती पिशव्या, किती बाटल्या आणि किती पाकिटे दिसतात, ते मुलांना मोजू द्यावे. नोंद तारखेसह ठेवावी आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच जागी पुन्हा मोजावे. जे दिसेनासे झाले ते कोठे गेले असेल, यावर चर्चा करावी. अशी चार-पाच वर्षांची नोंद जमली, तर नगरपालिकेकडे कचरापेटी मागताना ती पुरावा म्हणून दाखवता येईल.